खाजगी रानातील जुने वृक्ष : राखण आणि उत्पन्न

कोकणातील शेतकऱ्याच्या नावावर भातशेतीचे थोडे गुंठे आणि त्यांच्या जोडीस वरकस जमिनीचा एखादा मोठा तुकडा असतो. डोंगरउतारावरील ही जमीन नांगराखाली सहसा येत नाही. तीवर ऐन, किंजळ, बेहडा, काजरा, जांभूळ यांचे रान आपोआप वाढते. दहा-पंधरा वर्षांनी घरात लग्न निघाले, आजारपण आले किंवा छपराचे काम काढावे लागले म्हणजे ते रान लाकडाच्या व्यापाऱ्यास उक्ते विकले जाते. व्यापारी माणसे आणि करवती घेऊन येतो, गाड्या भरतो आणि शेतकऱ्याच्या हाती एकरकमी पैसा पडतो. या व्यवहाराबद्दल शेतकऱ्यास बोल लावण्याचे कारण नाही. पीक तयार झाले म्हणजे कापावे, हाच न्याय त्याने रानास लावला, एवढेच. परंतु या कापणीत अशी एक वस्तू जाते, की जी पुढील दहा-पंधरा वर्षांत पुन्हा तयार होत नाही. ती वस्तू म्हणजे जुना, घेरदार, ढोलीचा वृक्ष होय. हा वृक्ष उभा राहिल्याने रानाचा कोणता लाभ होतो, आणि तो उभा ठेवून मालकास उत्पन्न कसे मिळू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील वने ही उष्ण कटिबंधातील पर्जन्यवनांच्या पट्ट्यात मोडतात. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तथापि आपल्याकडील पाऊस चार महिन्यांत पडून जातो व उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. त्यामुळे केरळ किंवा कर्नाटकाच्या दक्षिण भागातील घनदाट सदाहरित वने महाराष्ट्रात सलग आढळत नाहीत. घाटमाथ्यावर, दऱ्यांत आणि ओढ्यांच्या काठी सदाहरित झाडी असते, आणि खालच्या उतारांवर तिच्यात पानगळीचे वृक्ष मिसळलेले असतात. पश्चिम घाटातील ३९ स्थळांस २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांपैकी चार, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, महाराष्ट्रात आहेत. ही स्थळे सरकारी राखणीखालील असून ती मुख्यत्वे घाटमाथ्यावर व त्याच्या पूर्वेस पसरलेली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र सरकारी राखीव वन फारच थोडे आहे, आणि उतारावरील बहुतेक झाडी खाजगी मालकीची आहे. यास्तव या भागातील पशुपक्ष्यांचे व वनस्पतींचे भवितव्य अभयारण्याच्या सीमेपेक्षा शेतकऱ्याच्या निर्णयावर अधिक अवलंबून आहे.

ढोली आणि धनेश

जुन्या वृक्षाचे महत्त्व धनेश पक्ष्याच्या उदाहरणावरून उत्तम प्रकारे समजते. कोकणात यास ककणेर असेही म्हणतात. मोठ्या, वाकड्या, पिवळसर चोचीवरून आणि उडताना होणाऱ्या पंखांच्या घोषावरून तो सहज ओळखू येतो. आपल्याकडे आढळणाऱ्या जातींत महाधनेश सर्वांत मोठा असून त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. मलबारी कवड्या धनेश त्याहून लहान असतो. हे पक्षी घरटे बांधीत नाहीत, आणि सुतार पक्ष्याप्रमाणे लाकूड कोरण्याची शक्तीही त्यांच्या चोचीत नाही. तयार ढोली मिळाली तरच त्यांची वीण होते.

विणीच्या काळी मादी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा गर व माती यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोचीपुरती एक फट तेवढी राहते. त्या फटीतून नर तिला कित्येक आठवडे अन्न पुरवितो. अंडी उबवून पिले वाढेपर्यंतचा हा काळ साधारणपणे जानेवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत चालतो. या मुदतीत नर मारला गेला, अगर झाड तोडले गेले, तर आतील मादी आणि पिले यांचाही नाश ओढवतो. म्हणजे एका घावाने सबंध कुटुंब जाते. लाकूडतोडीचा हंगाम आणि या पक्ष्याच्या विणीचा काळ एकच आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

अशी ढोली तयार होण्यास किती काळ लागतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वाऱ्याने एखादी जाड फांदी मोडते, त्या जखमेत पावसाचे पाणी मुरते, बुरशी आतील लाकूड कुजविते, आणि अनेक दशकांनंतर एक मीटर लांबीचा पक्षी मावेल एवढी पोकळी निर्माण होते. त्यासाठी खोडाचा घेरही तसाच मोठा असावा लागतो. ऐन, किंजळ यांच्या बुंध्यांना तोडीनंतर पुन्हा धुमारे फुटतात व दहा वर्षांत रान वरून हिरवेगार दिसू लागते. परंतु त्या रानात केवळ सोट असतात. ढोलीचा वृक्ष एकही नसतो. हिरवळ परत आली म्हणजे रान परत आले, ही समजूत येथेच चुकीची ठरते. धनेशाची जोडी वर्षानुवर्षे एकाच ढोलीकडे परत येते, आणि ती ढोली गेल्यास दुसरी सापडेलच याची शाश्वती नसते.

याचा शेतकऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. धनेशाचा मुख्य आहार फळांचा आहे. वड, पिंपरी, उंबर आणि रानजायफळ यांची फळे तो खातो. मनुष्यास विषारी असलेल्या काजऱ्याच्या फळांतील गरही त्यास चालतो, व कठीण बिया तो टाकून देतो. दिवसभरात तो एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो व वाटेत या बिया पडतात. ज्या वृक्षांची बी जड आणि मोठी आहे त्यांस वारा दूर नेऊ शकत नाही, आणि लहान पक्ष्यांच्या चोचीत ते बी मावत नाही. अशा वृक्षांची पेरणी करणारा हा पक्षी होय. तोडलेल्या रानात धुमाऱ्यांवाचून नवीन जातीचे रोप का दिसत नाही, याचे एक कारण पेरणारा निघून गेला हे आहे.

बेहड्याचे झाड

कोकणात धनेशाची घरटी ज्या वृक्षांत आढळतात, त्यांत बेहड्याचा क्रम वरचा आहे. बेहडा ३० मीटरपर्यंत उंच जातो, त्याचे खोड घेरदार होते, आणि लाकूड मऊ असल्यामुळे त्यात ढोली लवकर पडते. नेमक्या याच कारणाने तो दुर्लक्षित राहिला आहे. त्याचे लाकूड घरबांधणीस टिकत नाही. खोकी व फळ्या यांसाठी अथवा जळणासाठी ते कवडीमोलाने जाते. जुगारी कलीने बेहड्याचा आश्रय घेतला, अशी नलराजाच्या आख्यानात कथा आहे, आणि काही गावांत या झाडावर भुताचे वास्तव्य मानून त्याखाली थांबण्याचे टाळतात. हा समज शास्त्रास धरून नसला तरी त्याने पुष्कळ झाडे वाचविली, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याचा आधारही बेहड्यास कमीच आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमान्वये अनुसूचित वृक्ष तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. त्या अनुसूचीत हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ इत्यादी नावे येतात. बेहड्याचे नाव मात्र तीत घातलेले नव्हते. महाधनेश १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याची हत्या हा गंभीर गुन्हा आहे. पक्ष्यास असे संरक्षण असून त्याचे घर मात्र जळणाच्या भावाने विकले जावे, ही विसंगती आहे. ती केवळ बंदीने दूर होईल असे आम्हांस वाटत नाही. उभ्या झाडाचा मोबदला मालकाच्या हाती पडला तरच ते उभे राहील. अन्यत्र हे कसे साधले, ते प्रथम पाहू.

दोन ठिकाणचे अनुभव

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका हा सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा देश. गुरांच्या कुरणांसाठी तेथील पर्जन्यवनांची इतकी तोड झाली, की १९८० च्या दशकात वनाच्छादन देशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास उरले. १९९६ मध्ये तेथे नवा वन कायदा झाला. त्याने नैसर्गिक वनाचे अन्य वापरात रूपांतर करण्यास मनाई केली, आणि त्याच वेळी वन राखणाऱ्या जमीनमालकास करारान्वये पैसे देण्याची योजना आखली. १९९७ पासून ती अमलात आली. वन पाणी धरून ठेवते, हवेतील कार्बन शोषून घेते, जीवजातींस आश्रय देते आणि देशाचे सौंदर्य वाढविते. या चार सेवांचा हा मोबदला समजला जातो. त्यासाठी लागणाऱ्या पैशांचा मोठा भाग इंधनावरील करातून उभा केला गेला. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग वनाच्छादित आहे. हे सर्व यश मोबदल्याचे, असे मात्र म्हणता येणार नाही. गोमांसाचे भाव उतरल्याने कुरणांचा सोस आधीच कमी झाला होता, आणि कायद्याची मनाईही होतीच. परंतु मनाई आणि मोबदला ही दोन्ही एका कायद्यात आल्यामुळे शेतकऱ्याने त्याकडे शत्रुत्वाने पाहिले नाही, हा त्यातील घेण्यासारखा भाग आहे.

दुसरा अनुभव आपल्याच देशातील, अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतालच्या गावांचा आहे. तेथील निशी लोकांच्या पारंपरिक शिरोभूषणावर धनेशाची चोच मिरविण्याची चाल होती व त्यासाठी शिकार होई. खऱ्या चोचीऐवजी काचतंतूची बनविलेली चोच वापरण्याचा उपाय तेथे योजण्यात आला, आणि तो बऱ्याच अंशी रुजला. याहूनही महत्त्वाचा उपक्रम २०११-१२ पासून सुरू झाला. गावच्या मंडळींची घोरा-आभे ही संस्था, राज्याचे वनखाते आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या तिघांनी मिळून धनेशाची घरटी दत्तक देण्याची पद्धत काढली. शहरांतील इच्छुक मंडळी एकेका घरट्यासाठी वर्षाची रक्कम देतात, व त्यातून गावातील रखवालदारांस वेतन मिळते. जे पूर्वी शिकारी होते त्यांपैकी काहींनीच ढोल्या शोधून काढल्या, कारण रानातील प्रत्येक झाड त्यांना ठाऊक होते. रानाची माहिती ज्याच्यापाशी आहे त्यालाच राखणीचे काम द्यावे, हे व्यवहारी शहाणपण आहे.

कोकणातील मार्ग : फळांचे उत्पन्न

आपल्याकडे असा मोबदला देणारा इंधनकर नाही. परंतु बेहड्यापाशी स्वतःचे एक उत्पन्न आहे. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण घराघरांत माहीत आहे, व औषधी उद्योगास बेहड्याच्या सालीची सतत गरज लागते. असे असूनही फळे गोळा करणाऱ्याच्या पदरी आजवर फारच थोडे पडत आले. माल कोठून आला, कसा वाळविला, झाडाचे काय झाले, याची विचारपूस कोणी करीत नाही, व म्हणून चांगल्या आणि वाईट मालास एकच भाव मिळतो.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीत, विशेषतः संगमेश्वर तालुक्यात आणि भीमाशंकरच्या परिसरात, या बाबतीत निराळा मार्ग अवलंबिला. रानाच्या मालकांशी व गावकऱ्यांशी तोड न करण्याचे करार करण्यात आले, आणि त्याबरोबरच बेहडा व हिरडा यांच्या फळांस फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळविण्यात आले. रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी हे मानक आहे. त्याप्रमाणे झाडास इजा न होता फळे गोळा करावी लागतात, किती फळे काढावयाची याची मर्यादा पाळावी लागते, गोळा करणारास रास्त भाव द्यावा लागतो, आणि भावावर एक जादा रक्कम गावाच्या सामायिक कामासाठी ठेवावी लागते. असा माल औषधी चहा तयार करणाऱ्या एका इंग्लिश कंपनीने घेतला. ज्या बेहड्यांत धनेशाच्या ढोल्या आहेत ते वृक्ष राखणे हा या व्यवहाराचाच एक भाग करण्यात आला. फळ आणि ढोली यांची अशी सांगड घातल्याने, जे झाड एकदाच जळणाच्या भावाने गेले असते त्यास दरवर्षी किंमत आली.

या मार्गातील अडचणी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. प्रमाणपत्राचा खर्च एकट्या शेतकऱ्यास झेपत नाही. त्यासाठी गट अथवा सहकारी संस्था लागते. बेहडा प्रत्येक वर्षी सारखा फळत नाही. ग्राहक एकच असल्यास तो मागे सरला म्हणजे सर्व व्यवहार थांबतो. यास्तव देशांतील औषधी कारखान्यांशीही संबंध जोडणे इष्ट आहे. सर्वांत मोठी अडचण जमिनीच्या मालकीची आहे. कोकणात एका सात-बाराच्या उताऱ्यावर वीस-तीस सहहिस्सेदारांची नावे सापडतात, त्यांतील अर्धे मुंबईस असतात, व एकाने राखावयाचे ठरविले तरी दुसरा परस्पर व्यापाऱ्याकडून विसार घेतो. ज्या करारावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या नाहीत तो करार पहिल्याच लग्नसराईत मोडतो. गणपतीस अथवा शिमग्यास सर्व मंडळी गावी आलेली असतात. सह्यांचे काम तेव्हाच उरकून घ्यावे.

फळे गोळा करणे व वाळविणे

बेहड्याची फळे साधारणपणे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पिकून गळतात. झाडाखाली पडलेलीच फळे वेचावीत. फांद्या छाटून अथवा झोडपून फळे पाडू नयेत. तसे केल्यास कच्चे फळ मालात मिसळते व पुढील वर्षीचा बहर कमी होतो. बाळहिरड्यासाठी फांद्या तोडण्याची जी वाईट चाल काही भागांत आहे, ती बेहड्याच्या बाबतीत मुळीच पडू देऊ नये. दोन-तीन दिवसांच्या अंतराने वेच करावा, कारण ओल्या जमिनीवर फार दिवस राहिलेल्या फळास बुरशी येते. झाडाखालची सर्व फळे उचलू नयेत. भेकर, सांबर आणि इतर प्राणी ती खातात, व त्यांतूनच नवी रोपे होतात. किती मागे ठेवावी, हे झाडांची संख्या व त्या वर्षीचा बहर पाहून गावाने एकत्र ठरवावे, आणि ठरलेले सर्वांनी पाळावे.

वाळवण मातीवर घालू नये. सारवलेले कोरडे खळे, चटया किंवा स्वच्छ ताडपत्री वापरावी. थर पातळ असावा, तो दिवसातून दोनदा हलवावा, आणि रात्री दवापासून झाकून ठेवावा. काळी पडलेली व किडलेली फळे निवडून वेगळी काढावीत. औषधास साल लागते. म्हणून आठळी काढून साल वेगळी केल्यास वाहतुकीचे वजन वाचते व भावही चढा मिळतो. पोती कोरडी असावीत, आणि प्रत्येकावर गाव, रान व वेचणीची तारीख लिहावी. प्रमाणपत्राच्या तपासणीत याच नोंदी प्रथम पाहिल्या जातात.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

प्रथम गणना करावी. गावातील जाणती माणसे, विशेषतः गुराखी आणि मध काढणारे, यांना बरोबर घेऊन जुन्या वृक्षांची यादी तयार करावी. जात, छातीच्या उंचीवरील घेर, ढोली आहे की नाही आणि मालकाचे नाव एवढी माहिती पुरे. धनेशाचे घरटे ओळखण्याची खूण सोपी आहे : फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत झाडाच्या बुंध्याशी विष्ठा व फळांच्या बियांचा ढीग आढळतो, आणि नर ठरावीक वाटेने पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे येतो. घरटे सापडल्यावर त्याजवळ घोळका जमवू नये, आणि छायाचित्रासाठी तर कोणासही जवळ नेऊ नये. नर बिचकला तर आतील मादी उपाशी राहते. त्या झाडाच्या आसपासची चार-दोन उंबर-वडाची झाडेही यादीत घ्यावीत, कारण उन्हाळ्यात इतर फळे संपलेली असताना धनेशाचा निर्वाह त्यांच्यावर होतो.

ही यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे ठेवून लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदवावी. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमान्वये ही समिती व ही नोंदवही प्रत्येक गावास विहित आहे. पुष्कळ ठिकाणी ती वही कपाटात पडून असते; तिचा उपयोग करून घेण्याची ही चांगली संधी आहे. देवरहाटीतील झाडांचीही नोंद अवश्य घ्यावी. सातवीण, बकुळ, सुरंगी व गारंबीचे जुने वेल आज कित्येक गावांत देवरहाटीतच उरले असून आसपासच्या रानास बी तेथूनच मिळते. मंदिराचा जीर्णोद्धार करताना सभामंडपासाठी अशी झाडे तोडली जातात, तेव्हा मानकऱ्यांशी आधीच बोलून जागा बदलता येते काय ते पाहावे.

राबाच्या बाबतीतही थोडे सांगणे जरूर आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजताना ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. शेणखत व गिरिपुष्पाचा पाला वापरून, गादीवाफ्यावर राबाशिवाय रोप उत्तम येते. ज्या झाडांस मोठे होऊ द्यावयाचे आहे त्यांच्या खोडास चुन्याचा पट्टा ओढावा, म्हणजे छाटणाऱ्यास खूण राहते.

नवी रोपे तयार करावयाची असल्यास बेहड्याचे बी ताजे असतानाच गर काढून, एक दिवस पाण्यात भिजवून पिशव्यांत लावावे. त्याची उगवण चांगली होते. हिरड्याची आठळी कठीण असल्याने त्याचे बी कमी उगवते, म्हणून ते जास्त लावावे. उंदीर व खारी आतील मगज खातात, त्यासाठी वाफ्यावर जाळी घालावी. पहिल्या उन्हाळ्यात रोपांस विरळ सावली द्यावी, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी ती रानातील मोकळ्या जागी, जुन्या झाडांपासून पुरेशा अंतरावर, लावावीत.